दातांचे डॉक्टर ते मुख्यमंत्री : त्रिपुराचे डॉ. माणिक साहा कोण आहेत?

कनेरगाव नाका : दवाखान्याच्या पाटीवर असलेलं नाव पुढं निवडणुकीच्या बॅनरवर दिसणं, हे आपल्या मराठवाड्याला काही नवीन नाही. लातूरचे खासदार डॉ. शिवाजी काळगे डोळ्यांचे डॉक्टर. केंद्रात राज्यमंत्री राहिलेले डॉ. भागवत कराड लहान मुलांचे सर्जन. तिकडं शिरूरचे खासदार डॉ. अमोल कोल्हे टीव्हीवर संभाजी महाराज म्हणून घरोघरी पोहोचले, पण शिक्षण एमबीबीएसचंच. हाडांचे, डोळ्यांचे, बाळंतपणाचे डॉक्टर राजकारणात सापडतात. दातांचा डॉक्टर मात्र शोधूनच काढावा लागतो.

असा एक डॉक्टर आज एका राज्याचा मुख्यमंत्री आहे. डॉ. माणिक साहा, राज्य त्रिपुरा. नाव ऐकून ते आपल्याकडचे वाटतील, कारण माणिकराव आपल्या गावोगावी आहेत. पण हे अगरतळ्याचे बंगाली गृहस्थ. वयाच्या ६३ व्या वर्षी पक्ष बदलला, ६७ व्या वर्षी प्रदेशाध्यक्ष झाले, ६९ व्या वर्षी खासदार, त्यानंतर दीड महिन्यात मुख्यमंत्री आणि आणखी दीड महिन्यात आमदार. म्हणजे आधी खुर्ची मिळाली आणि जनतेचं मत नंतर. हे कसं झालं, कायद्यात कसं बसलं आणि डॉक्टर असण्याचा त्यात किती भाग होता, ते सविस्तर पाहू.

थोडक्यात ओळख

पूर्ण नाव : डॉ. माणिक साहा
जन्म : ८ जानेवारी १९५३, अगरतळा
शिक्षण : बीडीएस (पाटणा), एमडीएस (लखनौ)
पक्ष : आधी काँग्रेस, २०१६ पासून भाजप
मतदारसंघ : टाउन बोर्दोवाली (अगरतळा शहर)
मुख्यमंत्री : १५ मे २०२२ पासून, दुसऱ्यांदा शपथ ८ मार्च २०२३

आधी त्रिपुरा समजून घेऊ

त्रिपुरा म्हटलं की आपल्याला नकाशात बोट ठेवायला जरा वेळ लागतो. ईशान्येकडचं हे छोटं राज्य तीन बाजूंनी बांगलादेशानं वेढलेलं आहे. बांगलादेशाशी त्याची सीमा साडेआठशे किलोमीटरच्या वर आहे. देशाच्या बाकी भागाशी जोडणारी चिंचोळी वाट आसाम-मिझोरमच्या बाजूनं. पूर्वी हे माणिक्य राजघराण्याचं संस्थान होतं. २१ जानेवारी १९७२ ला त्याला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला.

आकाराचा अंदाज यावा म्हणून आपल्या जिल्ह्याशी तुलना करू. २०११ च्या जनगणनेनुसार हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्रिपुरा राज्याची ३६ लाख ७३ हजार. म्हणजे तीन हिंगोली जिल्हे आणि वर थोडं, एवढं ते राज्य. आता आमदार मोजा. आपल्या जिल्ह्यात वसमत, कळमनुरी आणि हिंगोली असे तीन मतदारसंघ. त्रिपुरात साठ! आपल्याकडं सरासरी जवळपास चार लाख लोकांमागं एक आमदार, तिकडं साठ-एकसष्ट हजारांमागं एक. आपल्या भाषेत सांगायचं तर तिथली आमदारकी म्हणजे इथल्या जिल्हा परिषद गटापेक्षा थोडी मोठी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं मतांचे आकडे येतील तेव्हा उपयोगी पडेल.

लोकसंख्येत सुमारे एक तृतीयांश आदिवासी, बाकी बहुतांश बंगाली. डोंगराळ आदिवासी पट्ट्यासाठी स्वायत्त जिल्हा परिषद आहे आणि राज्याची जवळपास दोन तृतीयांश जमीन तिच्या हद्दीत येते. जमिनीवर पहिला हक्क कुणाचा, हा तिथला जुना आणि कळीचा प्रश्न. रबर, चहा, अननस ही तिथली पिकं. रबराच्या उत्पादनात केरळनंतर त्रिपुराच.

आणि राजकारण? १९९३ ते २०१८ अशी सलग २५ वर्षं तिथं डाव्यांची सत्ता होती. त्यातली २० वर्षं मुख्यमंत्री होते माणिक सरकार. हेही माणिकच! त्यामुळं ‘माणिक मुख्यमंत्री’ एवढंच म्हटलं तर तिकडचा माणूस विचारेल, कोणते? सरकार की साहा?

पाटणा, लखनौ आणि हापानिया

साहांनी दंतवैद्यकाची पहिली पदवी पाटण्याच्या सरकारी दंत महाविद्यालयातून घेतली आणि पुढचं शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातून. स्वतःच्या राज्यात सोय नव्हती म्हणून घर सोडून शेकडो किलोमीटर लांब जावं लागलं. आपल्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. मराठवाड्यात सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, आणि कनेरगावहून तिकडं शिकायला जायचं म्हणजे खोली, मेस आणि बसभाडं आलंच.

इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून दातांकडं गेला’ असं आपल्याकडं सहज बोललं जातं. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस. साहांचा विषय होता तोंड, जबडा आणि चेहऱ्याची शस्त्रक्रिया. मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला, तोंडात गाठ आली, जबड्याच्या हाडात पाण्याची पिशवी झाली, अक्कलदाढ आडवी रुतून बसली, तर सामान्य डॉक्टर ज्याच्याकडं पाठवतो तो हा सर्जन. नुसती दाढ काढणारा माणूस समजू नका.

शिकून ते परत आले. अगरतळ्याजवळ हापानिया इथं त्रिपुरा मेडिकल कॉलेज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं रुग्णालय आहे. तिथं ते दंत विभागात प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते. शिकवणं, ओपीडी, ऑपरेशन, असं आयुष्य साठीपर्यंत चाललं. त्रिपुरा क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. आपल्या महाराष्ट्रात क्रिकेट संघटना आणि राजकारण यांचं नातं काय आहे ते आपण जाणतोच. छोट्या राज्यातही गणित तसंच असतं. अशा पदामुळं माणूस दवाखान्याबाहेर ओळखला जातो.

काँग्रेसमधून भाजपात

२०१६ साली साहांनी काँग्रेस सोडून भाजपात प्रवेश केला. त्यावेळी त्रिपुरा विधानसभेत भाजपचा निवडून आलेला एकही आमदार नव्हता. सत्तेत डावे, विरोधात काँग्रेस, आणि भाजप कुठंच नाही. त्यामुळं सत्तेसाठी उडी मारली, हा ठपका त्यांच्यावर सरळसरळ बसत नाही. वारं कुठल्या दिशेनं फिरतंय हे ओळखलं, असं म्हणता येईल. तिथल्या काँग्रेसमधले बरेच जण त्या काळात बाहेर पडत होते.

२०१८ ला उलथापालथ झाली. साठपैकी ३६ जागा एकट्या भाजपला, ८ मित्रपक्ष आयपीएफटीला. डाव्यांचा २५ वर्षांचा गड पडला आणि बिप्लब कुमार देब मुख्यमंत्री झाले. साहा त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते. त्यांचं काम बूथ पातळीच्या बांधणीचं, पडद्यामागचं. मतदारयादीच्या पानापानावर माणूस नेमायचा, त्याच्याकडून घरं मोजून घ्यायची, असं हे कंटाळवाणं काम असतं. भाषण करणाऱ्याचं नाव होतं आणि यादी सांभाळणारा मागं राहतो. पण पक्षाच्या वरच्या लोकांना यादीवालाच लक्षात राहतो, असा आपल्याकडच्या कार्यकर्त्यांचाही अनुभव असेल.

जानेवारी २०२० मध्ये ते प्रदेशाध्यक्ष झाले. त्यांच्या काळात एक पराभव आणि एक मोठा विजय, असं दोन्ही झालं. एप्रिल २०२१ ला आदिवासी स्वायत्त जिल्हा परिषदेची निवडणूक झाली. त्यात राजघराण्याचे प्रद्योत किशोर माणिक्य देबबर्मा यांच्या नव्या पक्षानं, टिप्रा मोथानं, २८ पैकी १८ जागा जिंकल्या. भाजपला ९. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि भाजपनं ३३४ पैकी ३२९ जागा घेतल्या. अगरतळा महापालिकेच्या ५१ पैकी ५१. मात्र यातल्या ११२ जागा बिनविरोध होत्या, आणि आमच्या उमेदवारांना अर्ज भरू दिले नाहीत, मतदारांना धमकावलं, असा आरोप विरोधकांनी केला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. डोंगरात हार आणि शहरात एकतर्फी जीत, हे त्या राज्याचं चित्र तेव्हापासूनचं.

दीड-दीड महिन्यात तीन पदं

२०२२ हे वर्ष साहांच्या आयुष्यात सगळ्यात धावपळीचं. त्रिपुराला राज्यसभेची एकच जागा आहे. ३१ मार्च २०२२ ला साहा त्या जागेवर निवडून आले. दिल्लीला जायची तयारी झाली.

१४ मे ला मुख्यमंत्री बिप्लब देब यांनी अचानक राजीनामा दिला. त्याच दिवशी आमदारांच्या बैठकीत नवं नाव पुढं आलं, डॉ. माणिक साहा. पक्षातल्याच काहींना ते पटलं नाही, बैठकीत गोंधळही झाला. पण दुसऱ्या दिवशी, १५ मे ला, शपथविधी उरकला.

निवडणुकीच्या आधी मुख्यमंत्री बदलण्याचा प्रकार भाजपनं २०२१ मध्ये उत्तराखंड, कर्नाटक आणि गुजरातमध्येही केला होता. जुन्या चेहऱ्यावरचा राग जुन्या चेहऱ्यासोबत जाऊ द्यायचा, असा साधा हिशेब. त्रिपुरात पक्षातले आमदार फुटू लागले होते. सुदीप रॉय बर्मन आणि आशिष कुमार साहा हे दोन आमदार फेब्रुवारी २०२२ मध्ये आमदारकी सोडून काँग्रेसमध्ये गेले होते. अशा वेळी कुठल्याच गटाचा शिक्का ठळक नसलेला, बोलायला मऊ, डॉक्टर म्हणून शहरात ओळख असलेला माणूस पक्षाला सोयीचा होता. आमच्या मते साहांच्या निवडीत त्यांच्या पदवीपेक्षा या सोयीचा वाटा मोठा.

आता प्रश्न येतो, आमदार नसताना मुख्यमंत्री कसं होता येतं? हा प्रश्न २०१९ च्या शेवटी उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा आपल्याकडंही चावडीवर चर्चिला गेला होता. संविधानाच्या कलम १६४ नुसार सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री किंवा मुख्यमंत्री होऊ शकते, पण सहा महिन्यांच्या आत निवडून यावं लागतं, नाहीतर पद जातं. ठाकरेंना विधान परिषदेचा रस्ता होता. त्रिपुरात विधान परिषदच नाही. त्यामुळं साहांना थेट लोकांपुढं जाणं भाग होतं.

जागा निवडली टाउन बोर्दोवाली. ही आशिष कुमार साहांनीच सोडलेली जागा, आणि काँग्रेसकडून समोर उभे तेच. साहा विरुद्ध साहा. २३ जून २०२२ ला मतदान, २६ ला निकाल. माणिक साहा ६,१०४ मतांनी निवडून आले. त्यांना पडलेली मतं १७,१८१. मुख्यमंत्र्याला सतरा हजार मतं! आपल्याकडं एवढ्या मतांत आमदारकीचं डिपॉझिट वाचवायचे वांधे. पण वर सांगितलेला हिशेब आठवा, मतदारसंघच तेवढा. आमदार झाल्यावर त्यांनी राज्यसभा सोडली आणि तीच जागा पुढं बिप्लब देब यांना मिळाली. दोघांची अदलाबदल झाली म्हणा ना.

ऑपरेशन थिएटरमध्ये मुख्यमंत्री

११ जानेवारी २०२३ ला सकाळी साहा हापानियाच्या आपल्या जुन्या रुग्णालयात गेले, हातमोजे-मास्क चढवला आणि दहा वर्षांच्या एका मुलाच्या तोंडातल्या गाठीचं ऑपरेशन केलं. जवळपास अर्धा तास लागला. मुख्यमंत्री झाल्यापासून सात-आठ महिने त्यांनी हातात शस्त्रक्रियेचं हत्यार घेतलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की एवढ्या खंडानंतरही अडचण वाटली नाही, मुलगा ठीक आहे.

फोटो देशभर फिरले. महिनाभरावर विधानसभा निवडणूक होती, त्यामुळं हा प्रचाराचा भाग होता का, असं कुणी विचारलं तर ते विचारणं चूक नाही. राजकारणी माणूस कॅमेऱ्यासमोर जे करतो त्याला प्रचाराचा वास असतोच. पण जबड्यातली गाठ काढणं ही नारळ फोडण्यासारखी गोष्ट नव्हे. हात बसलेला नसेल तर ते जमत नाही, आणि टेबलावर कुणाचं तरी लेकरू असतं.

ही गाठ काय असते हेही जाणून घ्या, कारण ती कुणालाही होऊ शकते. किडलेल्या दाताची मुळं आतून सडली, किंवा दात उगवताना आतच अडकला, की कधीकधी जबड्याच्या हाडात पाणी भरलेली पिशवी तयार होते. सुरुवातीला दुखत नाही. हळूहळू हाड आतून पोकळ करत जाते. मग गालावर किंवा हिरडीवर फुगवटा दिसतो, दात हलायला लागतात. एक्सरे काढला की कळतं. लवकर काढली तर ऑपरेशन छोटं, उशीर केला तर जबडा मोडण्यापर्यंत वेळ येते. लेकराचा दुधाचा दात पडून बराच काळ झाला आणि नवा आलाच नाही, किंवा एकाच बाजूला सूज दिसतेय, तर ‘येईल हळूहळू’ म्हणून बसू नका, दाखवून घ्या.

१,२५७ मतांचा निसटता विजय

१६ फेब्रुवारी २०२३ ला त्रिपुरात मतदान झालं, २ मार्चला निकाल. यावेळी कधी नव्हे ते डावे आणि काँग्रेस एकत्र लढले, जे तिथं कित्येक दशकं एकमेकांचे हाडवैरी होते. टिप्रा मोथा तिसरी बाजू. निकाल असा लागला : भाजप ३२, आयपीएफटी १, टिप्रा मोथा १३, माकप ११, काँग्रेस ३. बहुमताला ३१ लागतात. भाजपनं ते गाठलं, पण काठावर.

टाउन बोर्दोवालीत पुन्हा साहा विरुद्ध साहा. आठ महिन्यांपूर्वीची ६,१०४ ची आघाडी आता १,२५७ वर आली. तरी जिंकले ते जिंकले. ८ मार्चला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या उपस्थितीत त्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली.

जागांचं गणित नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. डावे-काँग्रेस आणि टिप्रा मोथा यांची मतं अनेक ठिकाणी एकमेकांना कापून गेली. तिरंगी लढत नसती तर चित्र वेगळं असू शकलं असतं. साहांचा चेहरा चालला हे खरं, विरोधकांची फूट चालली हेही तितकंच खरं.

निकालानंतर राज्यात हिंसाचार झाला. विरोधी कार्यकर्त्यांची घरं, दुकानं, रबराच्या बागा यांची नासधूस झाल्याच्या तक्रारी आल्या. त्याची पाहणी करायला आलेल्या विरोधी खासदारांच्या पथकावर १० मार्च २०२३ ला बिशालगड भागात हल्ला झाला. गृहखातं मुख्यमंत्र्यांकडंच. मऊ बोलणारा डॉक्टर असला तरी खाली कार्यकर्ते काय करतात याचा जाब त्यालाच द्यावा लागतो, आणि विरोधक तो अजूनही मागतात.

सही झाली, पुढं काय?

साहांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा राजकीय बदल म्हणजे टिप्रा मोथा सत्तेत आला. २ मार्च २०२४ ला दिल्लीत केंद्र सरकार, त्रिपुरा सरकार आणि टिप्रा मोथा यांच्यात करार झाला. आदिवासींच्या जमिनीचे हक्क, राजकीय हक्क, भाषा आणि ओळख हे प्रश्न ठरलेल्या मुदतीत सोडवायला समिती नेमायची असं ठरलं. पाचच दिवसांत टिप्रा मोथाचे दोन आमदार मंत्री झाले. कालचा मुख्य विरोधी पक्ष आज सरकारात. (हे वाचून महाराष्ट्रातल्या माणसाला आश्चर्य वाटायचं कारण नाही.) ४ सप्टेंबर २०२४ ला एनएलएफटी आणि एटीटीएफ या दोन सशस्त्र संघटनांसोबतही शांतता करार झाला आणि शेकडो जणांनी शस्त्रं खाली ठेवली.

कागदावर सही झाली, अंमलबजावणी रखडली, अशी टिप्रा मोथाची कुरकुर त्यानंतर चालूच राहिली. आदिवासींची कोकबोरोक भाषा कोणत्या लिपीत लिहायची, बंगाली की रोमन, यावरूनही आंदोलनं झाली. आपल्याला लिपीचा वाद किरकोळ वाटेल. पण पोराला परीक्षेचा पेपर कोणत्या अक्षरात मिळणार हा प्रश्न घरोघरचा असतो.

दुसरं जुनं दुखणं म्हणजे १०,३२३ शिक्षकांचं. डाव्यांच्या काळात भरती झाली, हायकोर्टानं २०१४ मध्ये ती प्रक्रिया बेकायदा ठरवली, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. दहा हजार घरांची चूल विझली. भाजपनं विरोधात असताना त्यांना आशा दाखवली होती, सत्तेत आल्यावर कायमचा मार्ग निघाला नाही. यातले बरेच शिक्षक आता वयात बसत नाहीत. ‘१०,३२३’ हा आकडाच तिथं एक नाव होऊन बसलाय.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्रिपुरात भयंकर पूर आला. तीसहून जास्त माणसं गेली, लाखो लोकांना फटका बसला, दरडी कोसळल्या.

डॉक्टर असल्याचा राज्याला फायदा झाला का?

काही गोष्टी दिसतात. अगरतळ्यात सरकारी दंत महाविद्यालय सुरू झालं. १८ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या शिक्षणासाठी साहांना तरुणपणी पाटण्याला जावं लागलं, ते आता तिथल्या पोरांना घराजवळ मिळतंय. जुलै २०२४ मध्ये अगरतळ्याच्या सरकारी रुग्णालयात मणिपूरच्या डॉक्टरांच्या मदतीनं पहिलं किडनी प्रत्यारोपण झालं. तोवर त्यासाठी कोलकाता किंवा त्याहून लांब जावं लागायचं. याचं सगळं श्रेय एका माणसाला देता येत नाही, पैसा केंद्राचाही असतो. पण मुख्यमंत्री वैद्यकीय शिक्षक असला की अशा फायली धूळ खात पडत नाहीत, असं मानायला जागा आहे.

आता जरा कडू बोलू. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात त्रिपुरा देशात पहिला होता. मोठ्या माणसांपैकी ६४.५ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे. देशाची सरासरी २८.६ टक्के, महाराष्ट्र २६.६ टक्के. म्हणजे ज्या राज्यात दर तीन माणसांत जवळपास दोघं तंबाखूवाले, त्या राज्याचा प्रमुख तोंडाचा सर्जन. सगळं आयुष्य त्यांनी तंबाखूनं खराब झालेली तोंडं बघितली असणार. त्यांच्या कारभाराचं मोजमाप करायचं तर हा आकडा किती खाली आला, यावरही करायला हवं. रस्ते आणि पुलांचे फोटो सगळेच टाकतात.

आपलंही फार वेगळं नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पुडी मात्र कुठं मिळत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस सापडणं अवघड. आपण तर वाशिमच्या हद्दीला लागून. मराठवाड्याचा तंबाखू-चुना आणि विदर्भाचा खर्रा दोन्ही नाक्यावर भेटतात. म्हणून एवढं पाहून ठेवा : तोंडात आपली तीन बोटं उभी जातात का? सुपारी-खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, तिखट झोंबतं, गाल आतून पांढरट आणि ताठ होतात. ही कॅन्सरच्या अलीकडची पायरी असू शकते. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर मलम लावत बसू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा.

आणखी दोन दंतवैद्य

मराठी मुलखात दातांचा डॉक्टर आणि राजकारण ही जोडी शोधली तर जुन्या काळातलं एक नाव मिळतं, डॉ. नारायणराव सावरकर. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे धाकटे भाऊ. जन्म १८८८, नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचा. थोरले दोघे भाऊ अंदमानात असताना ते कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात शिकले. डॉ. हेडगेवारही त्याच कॉलेजचे. पुढं नारायणरावांनी मुंबईत गिरगावात दातांचा दवाखाना चालवला आणि हिंदुमहासभेचं काम केलं. गांधीजींच्या हत्येनंतर जमावानं त्यांच्यावर दगडफेक केली, त्यात ते गंभीर जखमी झाले. त्या दुखण्यातून ते पुरते उठले नाहीत. १९ ऑक्टोबर १९४९ ला त्यांचं निधन झालं.

परदेशात याहून मोठं नाव आहे, गुर्बांगुली बेर्दिमुहामेदोव. तुर्कमेनिस्तान देशाचे दंतवैद्य. १९९७ ला आरोग्यमंत्री, २००६ अखेरीपासून २०२२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष, आणि नंतर खुर्ची मुलाकडं. ते आरोग्यमंत्री असतानाच त्या देशात राजधानीबाहेरची रुग्णालयं बंद करण्याचा फतवा निघाला होता. तिथं खरी निवडणूक नसते, त्यामुळं १,२५७ मतांनी धाकधूक होण्याचा प्रश्नच येत नाही.

साहांच्या सरकारची मुदत मार्च २०२८ पर्यंत आहे. तेव्हा त्यांनी वयाची पंचाहत्तरी गाठलेली असेल. भाजपमध्ये पंचाहत्तरीनंतर काय, ही चर्चा अधूनमधून होतच असते. २०२४ च्या लोकसभेत त्रिपुराच्या दोन्ही जागा भाजपनं जिंकल्या. पश्चिम त्रिपुरातून बिप्लब देब आणि पूर्व त्रिपुरातून प्रद्योत यांच्या भगिनी कृती सिंह देबबर्मा. म्हणजे साहांच्या जागेवरचे आधीचे मुख्यमंत्री आणि त्यांना काठावर आणणाऱ्या पक्षाच्या घरची व्यक्ती, दोघंही आता त्यांच्याच पक्षाचे खासदार आहेत.